एक जूनच्या मुलींचा मुराळी

फाटकाबाहेर पाऊल पडलं की आबा डोक्यावरची खाकी टोपी काढत, तिची नीट घडी घालून खिशात ठेवत आणि पिशवीतून लाल पटका काढून तिथेच रस्त्याच्या कडेला बांधायला लागत. बांधून झाला की दोन्ही हातांनी एकदा दाबून बघत. मग ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून मला ओरडून सांगत, "चाललो, ताई. पोरीला मागं माणूस हाये, येवढं दाखवून येतो."

जालन्यातल्या मुलींच्या एका बालगृहात ते शिपाई होते आणि मी कारकून. चौऱ्याऐंशी साली मी तिथे लागले. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. मुली आबा म्हणत, म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका, आबा म्हणत आणि म्हणून मीही. तुमच्याही कचेरीत एखादा शिपाई असा असेल, की त्याला विचारल्याशिवाय साहेबाचंही पान हलत नाही. आमचे आबा त्यातले नव्हते. चहा पांचट करत, पत्रं भलत्याच टेबलावर ठेवत आणि कुणी अधिकारी आला की नेमके भाजी निवडायला स्वयंपाकघरात जाऊन बसत. पहिल्या वर्षात मी त्यांची दोनदा तक्रार केली होती, हे आधीच सांगून टाकते.

आता त्या पटक्याचं. सासरी गेलेल्या लेकीला सणासाठी माहेरी आणायला जो जातो तो मुराळी, हे तुम्हाला सांगायला नको. बाप जातो, भाऊ जातो, कुणीच नसलं तर चुलता जातो. आमच्या मुलींची लग्नं संस्थेतच लागत. मोठ्या बाई बघून-सवरून, चौकशी करून लावत. पण एकदा मुलगी गेली की तिचं नाव रजिस्टरमधून कमी होई आणि नाव कमी झालेल्या मुलीला मुक्कामाला ठेवायची परवानगी आम्हाला नव्हती. म्हणजे माहेर होतं, पण तिथे राहता येत नव्हतं. तेव्हा पंचमी आणि दिवाळी आली की आबा स्वतःची रजा टाकत, पटका बांधत आणि आपल्या मनाने मुराळी होऊन निघत. मुलीला आणत ते जुन्या जालन्यातल्या आपल्या दोन खोल्यांत.

सासरचे सगळेच काही पायघड्या घालून बसलेले नसत. भोकरदनकडच्या एका गावात शोभा नावाची आमची मुलगी दिली होती. तिची सासू म्हणाली, "अनाथाला कसलं आलं मूळ अन् कसला मुराळी?"

आबांनी आधी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाले, "अनाथ तर मी बी हाये, म्हातारे. माझे माय-बाप जाऊन लई वर्सं झाली. पोरगी तयार करा, जल्दी. दोनची गाडी गाठायची हाये."

"किती दिवस ठेवणार?"

"पंधरा दिस."

"दोन."

"दोन दिस तर यायला-जायलाच लागत्यात. बारा."

आबा मूळचे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बाजारात बसून भाव करण्यात त्यांची हयात गेली होती. सहा दिवसांवर सौदा पटला आणि सासूने वर धपाटे बांधून दिले.

पण त्याच फेरीत त्यांना एक गोष्ट कळली, ती त्यांनी परत आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभं राहून सांगितली. नवी नवरी म्हणून शोभाने सासरी पहिल्या दिवशी भात टाकला, तो घरातली चार माणसं आणि शेजारची दोन घरं जेवून उरला. उरलेला दोन दिवस म्हशी खात होत्या. सासू म्हणाली, पोरगी उधळी आहे. पोरगी उधळी नव्हती हो. आमच्याकडे साठ मुलींचा स्वयंपाक होई, मोठ्या मुली पाळीपाळीने करत. मीठ मुठीने, डाळ पातेल्याने. चार माणसांचा भात किती असतो, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. वर सकाळी आंघोळीला जाताना ती बादली घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी राही आणि कुणीतरी नाव पुकारायची वाट बघे. सासरच्यांना वाटलं, डोक्याने अधू आहे.

मी हसले. आबा हसले नाहीत. "ताई, आपुन पोरीला समदं शिकवून राह्यलो. शिवण, भरतकाम, प्रार्थना. घरात ऱ्हायाला कुनी शिकवलंच न्हाई."

तेव्हापासून मोठ्या बाईंची परवानगी काढून आबा दर रविवारी एका मुलीला आपल्या घरी नेऊ लागले. आबांच्या बायकोला मुली माय म्हणत. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. ती मुलीच्या हातात एक लहानशी पातेली देई आणि म्हणे, "तिघांचं कर." मुली त्या पातेलीत डोकावून बघत. एक जण म्हणाली होती, "येवढ्याशात काय शिजंल, माय? ही तर भातुकलीची." तिच्या हातचं पहिलं वरण आबांनी खाल्लं आणि दिवसभर पाणी पीत बसले, मिठाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

एस.टी.चाही धडा असे. मुलीला स्टँडवर न्यायचं, तिकिटाचे पैसे हातात द्यायचे आणि भोकरदनला आबांच्या बहिणीकडे एकटीने जाऊन निरोप देऊन परत यायचं. मुलगी पुढे बसली की आबा तोंडाला उपरणं गुंडाळून त्याच गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसत. त्यांना वाटे, कुणाला पत्ता लागत नाही. कंडक्टर मात्र प्रत्येक वेळी मोठ्याने विचारी, "काय आबा, आज कोणती परीक्षेला?" मुली मागे वळून न बघता हसत राहत आणि परत आल्यावर, एकट्याने कसा प्रवास केला, ते आबांनाच रंगवून सांगत.

हे सगळं कशासाठी, तर एक जूनसाठी. रस्त्यावर सापडलेल्या, पोलिसांनी आणून दिलेल्या मुलींची जन्मतारीख कुणाला ठाऊक असणार? डॉक्टर अंदाजे वय लिहीत आणि कारकून पुढे एक जून टाके. त्यामुळे आमच्या निम्म्या मुलींचा वाढदिवस एकाच दिवशी येई. अठरा पूर्ण झाले की एक पत्र, दोन लुगडी, एक पत्र्याची पेटी आणि फाटक. ते पत्र मी टंकलिखित करत असे. अक्षरांच्या चुका न करता करत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता.

आता मंगलचं सांगते, कारण आबा मला खऱ्या अर्थाने कळले ते तिच्यामुळे.

मंगलला लग्न नको होतं. तिला नर्स व्हायचं होतं. सातवीत असताना आमच्याकडे कांजिण्यांची साथ आली, तेव्हा तिने वीस मुलींची सुश्रूषा केली होती आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद. दहावीला तिने चांगले गुण मिळवले. जालन्यातच दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी तिचं नाव यादीत लागलं. पण प्रवेश होता ऑगस्टमध्ये, अर्जावर सही हवी होती पालकाची, आणि आमच्या रजिस्टरप्रमाणे मंगलला अठरा पूर्ण होत होते एक जूनला. त्यानंतर मोठ्या बाई तिच्या पालक उरत नव्हत्या. मधले दोन महिने ती राहणार कुठे आणि सही करणार कोण? नियमाने तिला औरंगाबादच्या महिला वसतिगृहात पाठवायला हवं होतं. तिकडे नाव लागलं की बाहेर पडायला पुन्हा मंजुरी, आणि ती ऑगस्टच्या आत येणं अशक्य होतं. असे कागद मी पाच-सहा वर्षं बघत होते.

मे महिन्यात एका दुपारी आबा माझ्या टेबलाशी आले. त्यांनी चहा आणला होता आणि तो चक्क चांगला होता, तेव्हाच मी सावध झाले.

"ताई, मंगलचं साल चुकलंय."

"कशावरून?"

"आल्ती तवा तिचे दुधाचे दात बी पडले न्हव्हते. वरचा पयला दात हितं पडला. म्याच फेकला कौलावर. डाक्टरनं सात-आठ ल्हेलं, तुमच्या आधीच्या क्लारकानं आठ धरलं. पोरगी बराबर सहाची होती. आकडा नीट करा ना. येक नीट केला तर बास."

मी जुना कागद काढून बघितला. डॉक्टरांनी खरंच 'अंदाजे सात ते आठ' लिहिलं होतं. मी मोठ्या बाईंकडे जाऊ शकले असते, पुन्हा वयाची तपासणी मागता आली असती. नियमात तशी सोय होती. पण त्यात दहा पत्रं होती आणि आधीच्या कारकुनाची चूक मी उकरून काढली असा बोभाटा होता. मी कागद परत फाईलला लावला.

"आबा, दातांवर रजिस्टर चालत नाही," मी म्हणाले.

ते रिकामा कप उचलून गेले. हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं. बोलताना मात्र ते मला मोठं हुशारीचं वाटलं होतं.

एक जूनला मंगलचं औरंगाबादचं पत्र मीच केलं. पेटी घेऊन ती फाटकाबाहेर आली तर आबा पटका बांधून उभे. तिची पेटी त्यांनी खांद्यावर घेतली आणि दोघं जुन्या जालन्याच्या दिशेने चालायला लागले.

पंधरा दिवसांत वरच्या कार्यालयाला निनावी पत्र गेलं. शिपायाने संस्थेची वयात आलेली मुलगी घरात ठेवली आहे, वगैरे. कसं लिहिलं असेल ते तुम्ही ओळखाल, असल्या पत्रांना भाषा शिकवावी लागत नाही. चौकशीला एक वयस्क अधिकारी आले. मोठ्या बाईंच्या खोलीत आबा उभे आणि मी कोपऱ्यात जबाब लिहायला.

"मुलगी तुमची कोण?"

"लेक."

"रेकॉर्डवर?"

"रेकॉर्डवर न्हाई, सायेब."

"मग ठेवता कसे?"

"तुमच्या रेकॉर्डनं तर तिला सोडली," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "कळपातनं काढलेलं कोकरू कुठंतरी बांधावं लागंल का न्हाई? म्या बांधलं तर चौकशी. लांडग्यानं नेलं आसतं तर कुनी इच्यारायला आलं आसतं का?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. पण संस्थेतून सुटलेली बिनलग्नाची मुलगीही कर्मचाऱ्याच्या घरी राहू शकत नाही, असं परिपत्रक होतं आणि ते त्यांनी वाचून दाखवलं. आठ दिवसांत मुलगी औरंगाबादला, नाही तर आबांचं निलंबन. आबांच्या नोकरीची सहा-सात वर्षं राहिली होती. पेन्शनशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. गावाकडची जमीन होती ती कुसळाची, त्यावर त्यांचा मुलगाच कसाबसा भागवत होता.

आबांनी विचारलं, "सायेब, रजेवरचा मानूस कर्मचारी आसतो का?"

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण नियमांचं पुस्तक म्हणजे मी, असा माझा लौकिक होता. नियम मला तोंडपाठ होता. रजेवरचा माणूसही कर्मचारीच असतो. मी मान वर केली नाही, लिहीत राहिले. काय लिहीत होते ते मलाही ठाऊक नव्हतं, पण पेन हलत ठेवलं.

"गावी घेऊन जा," शेवटी साहेब म्हणाले. "इथे शहरात दिसायला नको. आणि मला काही सांगू नका."

आबांची रजा भरपूर शिल्लक होती. अर्ज लिहायला ते माझ्याकडेच आले, कारण त्यांचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेला कागद. रजेचं कारण, या रकान्यापाशी मी थांबले. नेहमीसारखं 'घरगुती कारण' लिहिता आलं असतं.

"काय लिहू, आबा?"

"खरं हाये त्ये ल्ह्या."

मी लिहिलं, 'मुलगी माहेरी आली आहे, सबब.' मोठ्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली.

दीड महिना मंगल, माय आणि आबा गावी राहिले. मंगलने खुरपणी केली, शेजारच्या बाळंतिणीचं केलं आणि आबांच्या चुलत्याच्या मेंढीचा पाय बांधून दिला. ऑगस्टमध्ये आबा तिला घेऊन प्रवेशाला गेले. पालक या शब्दापुढे त्यांनी सही केली, ती रकान्यातून बाहेर येऊन खालच्या ओळीवर गेली होती. प्रवेश देणाऱ्या बाईंनी नातं विचारलं तेव्हा मंगलनेच उत्तर दिलं, "वडील." आबा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, पोरगी सरकारी बाईसमोर बिलकुल भ्याली न्हाई." मी त्या दिवशी रजा काढून गेले होते. का गेले होते ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

याची किंमत आबांना द्यावी लागलीच. पुढच्या वर्षी त्यांची बदली परतूरकडे मुलांच्या एका वसतिगृहावर झाली. रोज एस.टी.ने जा-ये. मुलींचं फाटक सुटलं. मला वाटलं, आता मुराळीपण संपलं. पण ते रजा टाकून जातच राहिले, फक्त पटका आता परतूरच्या स्टँडवर बांधत. आमच्या ऑफिसला मात्र कुणी उरलं नाही. नवा शिपाई चहा उत्तम करी आणि पाच वाजता घरी जाई. त्याच्यात काही खोट काढता येत नव्हती, आणि मला तो आवडत नसे.

मंगल नर्स झाली आणि वाटूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात लागली. लग्न तिने केलंच नाही. म्हणजे तिला सासर नव्हतं, सासू नव्हती, मूळ न्यायचं कुणाकडे? आबांनी त्यावर तोड काढली. ते पंचमीच्या आदल्या दिवशी थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

"डाक्टर सायेब, पोरीला न्यायला आलो. आठ दिस धाडा."

तरुण डॉक्टर गोंधळले. "अहो, सिस्टरांनी रजेचा अर्ज द्यायला हवा."

"आर्ज ती दीलच. पर मानसानं मागायला लागतंय. तशी न्हेऊ कशी?"

आठवर सुरू झालेला सौदा तीन दिवसांवर पटला. मंगल सांगायची, दर वर्षी तिला लाजेने मेल्यासारखं होई आणि पंचमी जवळ आली की ती दुपारच्या गाडीकडे डोळे लावून बसे. डॉक्टर बदलले, आबा निवृत्त झाले, गुडघे गेले, तरी हे चुकलं नाही. शेवटच्या वर्षी तर परत जाताना तीच त्यांना धरून गाडीत चढवत होती आणि ते कंडक्टरला सांगत होते, "लेकीला घिऊन चाललो."

आबा गेले ते दिवाळी झाल्यावर, थोड्याशा आजारात. मंगलनेच उशापायथ्याला बसून सगळं केलं. तेराव्याला मी गेले तर त्या दोन खोल्यांत आणि बाहेरच्या बोळात बायाच बाया. कुणी भोकरदनकडची, कुणी वाटूरची, शोभा तर सुनेला घेऊन आली होती. गल्लीतली माणसं विचारत होती, आबांना एवढ्या मुली कुठून?

दुपारी जेवणं उरकली, एकेक जण निघाली. मंगलची संध्याकाळची ड्यूटी होती. पिशवी भरून ती ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. पस्तिशीची बाई, केसांत एखाद-दुसरी पांढरी बट, दवाखान्यात दहा माणसं जिच्या शब्दावर चालतात अशी. रडली नव्हती. चपलेचा पट्टा लावता लावता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आज माझे अठरा पुरे झाले, ताई."

तो जुना कागद मी फाईलला परत लावला होता, ती दुपार मला आठवली आणि लाज वाटली. तिला एक वर्ष मी देऊ शकले असते. आबांनी मात्र सतरा दिली होती.

आतून माय आली. लेक माहेराहून निघाली की तिला कुंकू लावून पाठवायचं, ती रीत तिने आजवर एकीचीही चुकवली नव्हती. आज ती उंबऱ्याच्या आतच थांबली, कारण तिचं स्वतःचं कपाळ तेरा दिवसांपूर्वी पुसलेलं होतं. शेजारची एक बाई करंडा घेऊन पुढे झाली.

मंगलने मान मागे घेतली. "मायनं लावायचं."

"येडी का काय तू," माय म्हणाली. "आता मी न्हाई लावायचं, बाळा. बरं न्हाई त्ये."

"मंग मी अशीच जाते."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली, जणू मी काही नियम सांगणार होते. मी तिच्या हातातून करंडा घेतला आणि मायपुढे धरला. मंगल उंबऱ्याशी वाकून उभी होती, तिची गाडी सुटायची वेळ होत आली होती, तरी ती हलली नाही. शेवटी मायने बोट कुंकवात बुडवलं.